मालकाकडून थेट घेतलेली गाडी पुरातली निघाली. दाद कुठे मागायची?

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागण्यात अर्थ नाही.

आम्ही नाशिकचे. माझ्या धाकट्या भावाने मे महिन्यात पुण्याहून जुनी पेट्रोल सेडान घेतली. २०१८ चं मॉडेल, एमएच १२ पासिंग, मीटरवर ४६,००० किलोमीटर. जाहिरातीत ठळक लिहिलं होतं, 'डायरेक्ट ओनर, एजंटांनी फोन करू नये'. व्यवहार ठरला ४ लाख ३५ हजारांना. चार लाख बँकेतून दिले, उरलेले रोख. एका कागदावर दोघांच्या सह्या आहेत, त्यात एक वाक्य आहे: 'गाडी आहे त्या स्थितीत घेतली असून पुढे कोणतीही तक्रार राहणार नाही'. टीटी फॉर्म (गाडी नावावर करायचे आरटीओचे फॉर्म) सह्या केलेले मिळाले. नावावर करायचं काम 'माझा आरटीओतला माणूस करून देईल' असं विकणारा म्हणाला होता, ते अजून झालेलं नाही.

पहिला मोठा पाऊस झाला आणि गाडी वागेनाशी झाली. पॉवर विंडो आपोआप खाली येते, एअरबॅगचा दिवा लागतो, सकाळी दार उघडलं की ओल्या गोणपाटासारखा वास येतो. इथल्या मेकॅनिकने पुढची सीट काढून कार्पेट उचललं तर खाली वाळलेल्या गाळाचा थर. बोटाने खरवडला तर मैद्यासारखी बारीक माती हाताला लागली. सीटच्या रेलचे बोल्ट गंजून फुगलेले. गाडी सीटपर्यंत पाण्यात होती असं त्याचं स्पष्ट मत आहे.

विकणाऱ्याला फोन केला तर म्हणतो, "मीही तशीच घेतली होती, मला काय माहीत? आणि कागदावर सही केलीये तुम्ही."

माझ्या भावाने व्यवहाराआधी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं, 'गाडीला कधी पाणी लागलंय का? अपघात झालाय का?' त्यावर उत्तर आहे, 'नाही हो, एकदम क्लीन गाडी आहे. फॅमिली यूज.' तो मेसेज अजून आहे.

भावाने दोन वर्षं पैसे साठवून ही गाडी घेतली. आईला डायलिसिसला न्यायला लागते म्हणून घेतली. ग्राहक मंच, पोलीस की कोर्ट?

निनाद_पुणे

ग्राहक आयोगात जा, सरळ. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. नाशिकमध्येच दाखल करता येईल, २०१९ च्या कायद्यात तक्रारदार राहतो तिथे दाखल करायची सोय आहे.

कोर्टाची_पायरी

निनाद, फी आणि जागा यांबद्दल बरोबर सांगितलंत, पण मुळातच एक अडचण आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा धंदा म्हणून विकणाऱ्यासाठी आहे. ज्याने स्वतःची एक गाडी वापरून विकली तो व्यापारी नाही. तक्रार केली तर समोरचा पहिल्याच तारखेला हाच मुद्दा घेईल आणि तक्रार तिथेच बाद होऊ शकते.

खाजगी व्यवहार असेल तर आपल्याला जुन्याच कायद्यांकडे जावं लागतं. भारतीय करार कायदा १८७२ आणि माल विक्री कायदा १९३०. दुसऱ्यात तर कलम १६ ची सुरुवातच अशी आहे की मालाच्या दर्जाबद्दल विक्रेत्याची कोणतीही गर्भित (न लिहिता धरलेली) हमी नसते. त्याला जे अपवाद आहेत ते मुख्यतः त्या मालाचा धंदा करणाऱ्याला लागू होतात. म्हणजे शोरूमवाल्याकडून घेतली असती तर 'विकण्यायोग्य दर्जा'चा मुद्दा मांडता आला असता, सामान्य माणसाकडून घेतली तर नाही. मालकी हक्काची हमी मात्र दोघांनाही बांधते. चोरीची किंवा दुसऱ्याची गाडी विकली तर खाजगी विक्रेताही सुटत नाही.

आता धागाकर्तीच्या बाजूचं. करार कायद्याच्या कलम १७ मध्ये कपट म्हणजे काय ते दिलंय आणि खाली उदाहरणं दिलीत, ती गाडीच्या व्यवहाराला तंतोतंत बसतात. अ लिलावात ब ला घोडा विकतो. घोड्यात खोड आहे हे अ ला माहीत आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नाही. पुढच्या एका उदाहरणात ब म्हणतो, "तू नाकारलं नाहीस तर मी घोडा धडधाकट आहे असं समजेन." अ गप्प बसतो. इथे त्याचं गप्प बसणं हे बोलण्याइतकंच धरलं जातं.

तुमचा भाऊ तर याच्याही पुढे आहे. त्याने नेमका प्रश्न लेखी विचारला आणि समोरून लेखी 'नाही' आलं. विकणाऱ्याला पाण्याचं माहीत होतं हे दाखवता आलं तर हे सरळ कपट आहे. कलम १९ खाली करार रद्द करून पैसे परत मागता येतात, किंवा गाडी ठेवून नुकसानभरपाई.

तो मेसेज मोबाइलमधून उडू देऊ नका. पूर्ण संभाषण तारखांसकट जपा, फक्त स्क्रीनशॉट नको. पुराव्यात आणताना भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं.

गोदाकाठ

मनापासून आभार. पण 'आहे त्या स्थितीत' लिहून सही केलीये त्याचं काय? भाऊ त्यामुळेच खचलाय.

कोर्टाची_पायरी

ते वाक्य साध्या झिजेसाठी उपयोगी पडतं. क्लच संपत आला होता, टायर गुळगुळीत होते, एसी कमी गार करत होता, अशा गोष्टींवर नंतर भांडता येत नाही. पण खोटं बोलून मिळवलेल्या सहीवर कोणी कपट झाकू शकत नाही.

एक धोका मात्र सांगते. कलम १९ ला अपवाद आहे: साधारण काळजी घेऊन खरं कळू शकलं असतं, तर करार रद्द करता येत नाही. समोरचा म्हणेल, मेकॅनिक आणून का नाही बघितली? पण तो अपवाद चुकीच्या माहितीला आणि कपटी मौनाला आहे, जाणूनबुजून सांगितलेल्या धडधडीत खोट्याला नाही. म्हणून सगळा जोर 'त्याला माहीत होतं' यावर द्यावा लागेल.

मिरजकर_गॅरेज

मी मिरजेत गॅरेज चालवतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला कृष्णा-पंचगंगेचं पाणी आलं, मग २०२१ च्या जुलैत पुन्हा आलं, त्याच वेळी चिपळूणही बुडालं. त्या दोन पुरांतल्या गाड्या मी हाताने उघडल्यात, म्हणून लिहितोय.

दुरुस्तीचा खर्च विमा रकमेच्या ७५ टक्क्यांवर जातोय असं दिसलं की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. मालकाला पैसे मिळतात, सांगाडा लिलावात जातो. तो घेणारा भंगारात घालायला घेत नाही. धुऊन, वाळवून, वायरिंगला जोडकाम करून, नवे सीट कव्हर घालून तीच गाडी त्याच आरसीवर दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाते. चेहरा चकाचक असतो. म्हणून खाली वाकून बघावं लागतं.

सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. गाडी धुणारा बाहेरचा दीड-दोन हात पट्टा घासतो, आत गुंडाळलेला शेवटचा भाग तसाच राहतो. त्यावर मातकट रेघ दिसली तर पाणी तिथपर्यंत होतं. स्टेपनी उचला, खालच्या खळग्याच्या कोपऱ्यात गाळ बसतो, आणि जॅक-पान्यावर गंज. डॅशबोर्डखाली हात घालून फ्यूज बॉक्सचं झाकण काढा, पिनांवर हिरवट पांढरा थर आला असेल तर पुढे काही बघू नका. हेडलाइटच्या आत वाफ धरून पाण्याची रेघ राहते. सहा-सात वर्षांच्या गाडीत कार्पेट कोरं करकरीत असेल तर विचारा का बदललं. आणि सुगंधी डबी दोन-दोन ठेवली असेल तर काच बंद करून दहा मिनिटं आत बसा, मग खरा वास कळतो.

ताई, एअरबॅगच्या दिव्याकडे दुर्लक्ष करू नका. त्याचं मॉड्यूल बऱ्याच गाड्यांत मधल्या कन्सोलखाली, तळाला असतं, म्हणजे पाणी शिरलं की पहिल्यांदा तेच बुडतं. चावी फिरवल्यावर तो दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. कायम लागलेला असेल तर एअरबॅग उघडेल याचा भरवसा धरू नका. काही गाड्यांत दिवा लागतच नाही, कारण कुणीतरी तो काढून टाकलेला असतो, ते तर याहून वाईट. आईंना त्या गाडीतून नेऊ नका, ही हात जोडून विनंती.

तुळशीबाग

मिरजकर, फार मोलाचं लिहिलंत. आम्ही पुढच्या आठवड्यात एक गाडी बघायला जातोय, हे सगळं उतरवून घेतलंय. मीटर मागे केलाय का ते कसं ओळखायचं?

मिरजकर_गॅरेज

मीटर बघून नाही ओळखता येत, डिजिटलचा आकडा लॅपटॉप लावून बदलतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरला गाडी नेऊन आधीच्या नोंदी मागवा, प्रत्येक जॉबकार्डवर किलोमीटर असतात. मालकाला बरोबर न्या, तो यायला तयार नसेल तर तिथेच समजा. बाकी, ब्रेक पेडलचं रबर, गिअर नॉबचा गुळगुळीतपणा, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड हे खोटं बोलत नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. २०१८ ची गाडी ४०,००० चाललीये म्हणतात आणि टायरचा दुसरा संच उतरणीला लागलाय, तर हिशेब जुळत नाही.

वसंतविहार_ठाणे

थोडी दुसरी बाजू मांडतो. मी निवृत्त माणूस, गेल्या वर्षी स्वतःची हॅचबॅक विकली. घेणाऱ्याने मेकॅनिक आणला, घोडबंदर रोडला चालवून बघितली, सर्व्हिसची सगळी बिलं मी फाइल लावून दिली. पाच-सहा महिन्यांनी त्याचा फोन, सस्पेन्शनचं काम निघालंय, अर्धा खर्च द्या. नाही म्हणालो तर पोलिसांत जाईन, फसवणुकीची केस टाकीन अशी भाषा. घरात सगळे घाबरले होते. धागाकर्तीच्या भावावर अन्याय झालाय यात शंकाच नाही, पण प्रत्येक बिघाडाला फसवणूक म्हणणारेही आहेत. प्रामाणिकपणे विकणाऱ्यालाही संरक्षण हवं.

कोर्टाची_पायरी

काका, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि कायदाही तुमच्या बाजूने आहे. 'गाडी मक्खन चालते', 'एकदम टकाटक' हे मत झालं, त्यावर दावा उभा राहत नाही. 'अपघात झालेला नाही', 'पाणी लागलेलं नाही', 'कर्ज फिटलंय', '४६,००० किलोमीटर' ही वस्तुस्थिती झाली. ती खोटी ठरली तरच विकणारा अडकतो. विक्रीनंतर सहा महिन्यांनी झिजलेलं सस्पेन्शन यात बसत नाही.

पोलिसांचंही तेच. १ जुलै २०२४ पासून फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये आहे, पूर्वीचं ४२०. व्यवहाराच्या वेळीच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. म्हणूनच पोलीस ठाण्यात 'ही दिवाणी बाब आहे' असं सांगून परत पाठवतात. खरी बाब असेल तर लेखी तक्रार अधीक्षकांना किंवा आयुक्तांना पाठवता येते, त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

निनाद_पुणे

गोदाकाठ, एक विचारतो. आरसीवर नाव त्याच माणसाचं आहे ना? आणि चार लाख कुणाच्या खात्यात गेले? जाहिरातीतला मोबाइल नंबर इतर जाहिरातींत शोधून बघा. 'डायरेक्ट ओनर' लिहिणारे पुण्यात किती तरी एजंट आहेत.

गोदाकाठ

निनाद, तुमचा प्रश्न वाचून आम्ही रात्रभर बसून शोधलं. आरसीवर दुसऱ्याच माणसाचं नाव आहे. विचारलं होतं तेव्हा 'चुलत भाऊ आहे, बाहेरगावी असतो' असं सांगितलं होतं. पैसे मात्र विकणाऱ्याच्याच खात्यात गेलेत. आणि त्याच नंबरवर आत्ता अजून चार गाड्या विक्रीला आहेत, सगळ्या 'डायरेक्ट ओनर', सगळ्या 'फॅमिली यूज'. आम्ही सगळ्या जाहिराती तारखेसकट जपून ठेवल्यात.

कोर्टाची_पायरी

मग चित्रच पालटलं. हा खाजगी विक्रेता नाही, हा व्यापारी आहे. ग्राहक आयोगाचा दरवाजा उघडला, आणि निनादचा पहिला सल्ला आता बरोबर ठरतो.

शिवाय, केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र घेणं बंधनकारक केलं, १ एप्रिल २०२३ पासून ते लागू आहे. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना पोर्टलवर द्यायची, मग डीलर मानीव (कायद्याने धरलेला) मालक होतो आणि पुढची जबाबदारी त्याची. सह्या केलेले कोरे टीटी फॉर्म घेऊन गाडी हातोहात फिरवायची पद्धत मोडावी म्हणूनच हा नियम आणला. त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे का, हे नोटिशीतच विचारा.

आरसीवरच्या माणसाशी सौम्यपणे बोला. तो तुमचा शत्रू नसावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात सांगितलंय की गाडी कितीही हात फिरली तरी नोंदीत ज्याचं नाव, तोच अपघाताच्या भरपाईला मालक म्हणून जबाबदार. म्हणजे तुमच्या भावाच्या हातून उद्या काही झालं तर नोटीस त्या माणसाच्या घरी जाईल. हे त्याला कळलं की तो आपणहून मदत करेल.

तुळशीबाग

बाप रे. म्हणजे माझ्या सासऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी विकलेली गाडी नावावरून उतरलीये का ते आजच बघते.

कोर्टाची_पायरी

जरूर बघा. विकणाऱ्याने १४ दिवसांत, राज्याबाहेर विकली असेल तर ४५ दिवसांत, आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म २९ आणि ३०. विमाही वेगळा नावावर करावा लागतो. थर्ड पार्टी भाग आपोआप पुढे जातो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा नाही. आणि नो क्लेम बोनस माणसाचा असतो, गाडीबरोबर मिळत नाही.

गोदाकाठ

ते टीटी फॉर्म आता आरटीओत देऊन गाडी भावाच्या नावावर करून टाकावी का? घरात यावरून दोन तट पडलेत.

कोर्टाची_पायरी

हा अवघड प्रश्न आहे. गाडी परत देऊन पैसे मागायचे असतील तर मालक असल्यासारखं वागणं थांबवलं पाहिजे. खोट कळल्यावरही गाडी वापरत राहिलात, नावावर केलीत, तर समोरचा म्हणेल की तुम्ही ती स्वीकारली. म्हणून आधी 'आम्ही व्यवहार रद्द करत आहोत, गाडी घेऊन जा, पैसे द्या' अशी नोटीस स्पीड पोस्टाने जाऊ दे, आणि गाडी जागेवर उभी ठेवा. थर्ड पार्टी विमा चालू राहू द्या. भरपाई घेऊन गाडी ठेवायची असेल तर मात्र नावावर करून घेणंच योग्य. आधी घरात हे एक ठरवा.

मुदतीची घाई करू नका पण रेंगाळूही नका. ग्राहक आयोगात दोन वर्षं, दिवाणी दाव्याला कपट कळल्यापासून तीन वर्षं.

गोदाकाठ

खूप दिवसांनी लिहितेय. आईची तब्येत मध्ये बिघडली होती, आता बरी आहे. तिच्यासाठी रिक्षा लावलीये.

आम्ही गाडी परत द्यायचं ठरवलं. नोटीस गेली. आरसीवरचे गृहस्थ खरोखर भले निघाले. गाडी पुरात बुडाल्यावर विमा कंपनीने टोटल लॉस दिला, त्यांनी फॉर्मवर सह्या करून सांगाडा सोपवला आणि विषय संपला असं ते समजत होते. टोटल लॉसचं पत्र त्यांच्याकडे आहे आणि प्रतिज्ञापत्र द्यायला ते तयार आहेत. मुख्य म्हणजे सांगाडा घ्यायला आलेला माणूस हाच होता, त्याला दिलेल्या पावतीची प्रत त्यांनी जपून ठेवलीये. म्हणजे 'मला काय माहीत' हे आता त्याला म्हणता येणार नाही.

नोटिशीनंतर त्याने ६०,००० देऊ केले, वर 'तक्रार नाही' असं लिहून द्या म्हणाला. भावाने नकार दिला. ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार दाखल केलीये. त्याच्या जाहिराती अजून चालूच आहेत, म्हणून आरटीओलाही लेखी कळवलंय. उद्या कुणीतरी तिसरं घर त्यात अडकू नये एवढंच वाटतं.

वसंतविहार_ठाणे

तुमच्या भावाने ६०,००० नाकारले हे योग्यच केलं. आणि ज्या गृहस्थांनी पावती जपली त्यांना माझा नमस्कार सांगा.

मिरजकर_गॅरेज

ताई, एक लक्षात ठेवा. कार्पेटखालचा गाळ साफ करू नका, गंजलेले बोल्ट बदलू नका, बॅटरीची वायर फक्त काढून ठेवा. आयोगाने तज्ज्ञाकडून तपासणी मागवली तर त्याला सगळं जसंच्या तसं दिसलं पाहिजे. फोटो तारखेसह काढून ठेवा, सीटबेल्ट पूर्ण ओढून त्याचाही एक. नाशिकला यायला लागलं आणि माझ्या सांगण्याचा उपयोग होणार असेल तर मी येईन.

गोदाकाठ

सीटबेल्ट आत्ता जाऊन ओढला. रेघ आहे, शेवटच्या वीतभर भागावर. फोटो काढलेत. तुम्हाला मेसेज करते.